एक करवंटी कमी

मी ट्रे बोलतोय. पाव भाजायचा ट्रे. चहाचे कप घेऊन पाहुण्यांपुढे मिरवतो तो वेगळा, आमचं त्याच्याशी नातं नाही. मी तिन्हीसांजेला विस्तवावर बसतो आणि पोटात नारळाचं दूध उकळत असलं तरी गप्प राहतो. बेचाळीस वर्षं गप्प राहिलो. पण ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं, ते पोटात ठेवणं मला जमेना. तसं माझ्या पोटात काहीच राहत नाही म्हणा. पाव झाले की पाच मिनिटांत मुलं ते रिकामं करतात.

माझा जन्म कडक बिस्किटांच्या डब्यातून झाला. सामोआत, आपिया शहरापासून बसने तासाभरावर आमचं गाव आहे. तिथे फिलिपो सुतार आणि मारेता यांचं लग्न झालं तेव्हा संसारात तीन चटया, एक सुरी आणि बिस्किटांचा एक भलामोठा पत्र्याचा डबा होता. लग्नाची बिस्किटं संपली तसा फिलिपोने डबा आडवा कापला, कडा आत वळवल्या आणि कोपरे ठोकून बसवले. चौथा कोपरा त्याला काही केल्या जमला नाही. तो अजून वर उचललेला आहे. मारेता त्याला ‘फिलिपोचा कान’ म्हणते, आणि नवऱ्यावर रागावली की मला तिथेच धरून उचलते.

भट्टीही फिलिपोनेच केली. लोखंडी पिंप आडवं टाकलं, खाली दगड रचले, वरून मातीचा थर दिला. जळण नारळाच्या करवंट्यांचं. मारेता माझ्यात पिठाचे गोळे दाटीवाटीने बसवते आणि वरून साखर घातलेलं नारळाचं दाट दूध ओतते. पाव वर फुगतात, दूध खाली आटून खरवसासारखं होतं. याला आमच्याकडे पानी पोपो म्हणतात. पानी म्हणजे पाव आणि पोपो म्हणजे नारळ. नावावरून कुणी पाणचट समजू नये.

पण या पदार्थात खरी गोम आहे ती वेळेची, आणि माझी सगळी हकिगत त्या वेळेभोवतीच फिरते.

आमच्या गावात संध्याकाळी झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी बडवतात. ती वाजली की रस्त्यावरचा माणूस घरात शिरतो, घरातला चटईवर बसतो आणि घरोघरी प्रार्थना सुरू होते. प्रार्थना सुटल्याची टाकी पुन्हा केव्हा वाजेल ते बडवणाऱ्या मातुआच्या भुकेवर अवलंबून असतं, त्यामुळे तिच्या भरवशावर पाव भाजता येत नाहीत. मारेताने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात यावर तोड काढली. टाकी वाजली की मी भट्टीत, फिलिपोचं आमेन झालं की मी बाहेर. भट्टीचं तोंड केळीच्या पानांनी आणि ओल्या पोत्याने बंद केलेलं असतं. मध्येच उघडून डोकावलं तर वाफ निघून जाते आणि पाव बसतात. म्हणून सगळी मदार त्या आमेनवर.

फिलिपोची प्रार्थना नावांची असायची. सुरुवातीला नावं चारच होती: त्याची आई, तिची आई, पाद्रीबाबा आणि गावचे प्रमुख. प्रार्थना आखूड, म्हणून विस्तव जोरात. तेव्हा तीस करवंट्या लागायच्या. मग नावं वाढली. प्रत्येक नावामागे एक वाक्यही आलं. भाऊ सिडनीला कामाला गेला, तर प्रार्थनेत भाऊ आला, मग त्याचा गुडघा आला, मग गुडघ्याचं ऑपरेशन आलं. पाव जरा जास्त लाल होऊन निघाले की मारेता नवऱ्याला काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी भट्टीत एक करवंटी कमी टाकायची. नवं नाव आलं की एक करवंटी कमी, हा तिचा हिशेब.

माणूस गेलं तरी फिलिपो त्याचं नाव गाळत नसे. मागण्यातून उचलून आभारात ठेवत असे. त्यामुळे करवंट्या कमीच होत गेल्या, वाढल्या कधीच नाहीत. यंदा त्या चौदावर आल्या होत्या.

एकदा त्याने शेजाऱ्याच्या हरवलेल्या डुकरासाठी प्रार्थना सुरू केली. डुक्कर करवंट्यांत धरलेलं नव्हतं. मारेता डोळे मिटूनच मोठ्याने खाकरली. फिलिपोने डुकराला घाईघाईने देवाच्या हवाली केलं आणि आमेन म्हणून टाकलं. डुक्कर दुसऱ्या दिवशी आपणहून घरी आलं.

लग्नानंतर आठ वर्षं त्यांना मूल नव्हतं. एका दुपारी मारेता मला मांडीवर घेऊन बसली होती. पांढरा रविवार जवळ आला होता. वर्षातला तो एक दिवस मुलांचा: मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतात, मोठी माणसं त्यांना आधी वाढतात आणि मागून जेवतात. मारेता म्हणाली, “देवा, एक मूल दे. मग मी जिवंत आहे तोवर, दर पांढऱ्या रविवारी, गावातल्या एकूण एक मुलाला माझ्या हातचा पाव.” साक्षीदार मी एकटाच. पुढच्या पांढऱ्या रविवारी ती पोटुशी होती आणि गावातल्या सगळ्या मुलांनी पाव खाल्ला.

ते मूल म्हणजे पेपे. तिच्या पाठीवर सिमी झाला. चौतीस वर्षांत नवस एकदाही चुकला नाही. गावात मुलं वाढली तर मारेता गोळे लहान करते. माझ्यापेक्षा मोठा ट्रे तिने कधी मागितला नाही, आणि याचा मला थोडा गर्व आहे.

पेपे लग्न होऊन ऑकलंडला गेली. नवराबायको दोघंही पाळ्यांची नोकरी करतात, म्हणून त्यांची मुलगी तालिता तीन वर्षांची असल्यापासून आजीआजोबांकडे राहते. आता ती आठ वर्षांची आहे. बोलते फार.

यंदा ऑगस्टमध्ये फिलिपोच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. आमच्याकडे ‘हो’ म्हणायला तसंही तोंड लागत नाही, भुवया उचलल्या की झालं. “त्यामुळे पहिले दोन दिवस मला कळलंच नाही,” असं सिमी म्हणाला आणि आईची चापट खाऊन गेला.

घरातली प्रार्थना सिमीकडे आली. सिमीची प्रार्थना म्हणजे “देवा, सगळ्यांना सांभाळ, आमेन.” सगळ्यांना एका शब्दात कोंबल्यावर पाव कच्चे राहणारच. दोनदा कच्चे निघाले, मग मारेताने भट्टी पेटवणंच बंद केलं. मी खांबाला टेकून पडून राहिलो. एक तांबडी कोंबडी अंडी घालायला जागा बघत होती. माझ्यात दोनदा बसून गेली. तो काळ आठवला की अजून मला शिसारी येते.

पांढऱ्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी पेपे आली. येताना चकचकीत नवा ट्रे आणि मिनिटं मोजून टुंग करणारं एक छोटं घड्याळ घेऊन आली.

“आई, पाव भट्टीत किती मिनिटं ठेवतेस?”

“कसली मिनिटं? बाबा आमेन म्हणेपर्यंत.”

“आणि बाबा आमेन कधी म्हणतात?”

“पाव झाले की.”

पेपेने कपाळावर हात मारला. बुधवारी तिने आपल्या अंदाजाने पंचवीस मिनिटं लावली आणि पाव नव्या ट्रेमध्ये भाजायला घातले. टुंग झालं. वरून पाव गोरेपान, आत पिठाचा चिखल, आणि बुडाला असे चिकटले की सिमीने विचारलं, “ताई, हे खायचे की भट्टीला लिंपायचे?”

गुरुवारी मारेता म्हणाली, “आवाज नसू दे, ओठ तर आहेत. म्हातारा मनातल्या मनात म्हणेल, आपण बसू.” फिलिपो खूश झाला. धुतलेला सदरा घालून, पाठ ताठ करून चटईवर बसला. टाकी वाजली. मी भट्टीत गेलो. घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या.

पुढचं मला नंतर सिमीच्या तोंडून समजलं. फिलिपोची प्रार्थना संपली. त्याने ओठांनी आमेन म्हटलं. ते ऐकू कुणाला येणार? त्याने डोळे उघडून पाहिलं तर सगळे अजून डोळे मिटून बसलेले. त्याला वाटलं, आज घर किती मनापासून प्रार्थना करतंय! त्याला भरून आलं आणि त्यानेही पुन्हा डोळे मिटले. असे पाचही जण एकमेकांसाठी थांबून राहिले. शेवटी तालिता म्हणाली, “आजी, देवाकडून धूर आलाय.”

मला बाहेर काढलं तेव्हा माझ्यात चोवीस कोळसे होते. सिमी पोट धरून हसला, पेपे हसली, मारेताही माझा कान धरून हसली. फिलिपो सुद्धा हसला, बिनआवाजी, खांदे हलवत. मग खांदे थांबले. तो उठला आणि समुद्राकडे तोंड करून पायरीवर जाऊन बसला. जेवायला आला नाही.

शुक्रवारी मारेता मला वाळू आणि काथ्याने घासत होती. इतक्या जोरात घासत होती की मला वाटलं, आज मी आरपार होणार. पेपे शेजारी येऊन बसली.

“आई, आपियाच्या बेकरीतून आणू या ना पाव. सिमी सकाळच्या बसने जाऊन येईल.”

“नवस मी बोलले की बेकरीवाला?”

“देव काय पावावरचं नाव बघणार आहे?”

“देवाचं मला माहीत नाही. पण मी ‘माझ्या हातचा’ म्हणाले होते. तू मला त्याच बोलीवर मिळालीस.”

“मग काय? चुकलं तर परत नेईल मला?”

“तोंड सांभाळ!” मारेता ओरडली. मग हात थांबले तिचे. “मला भीती वाटते गं, पेपे. आणि त्या म्हाताऱ्याचं बघ. आवाज गेला त्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. काल पाव करपले, तेव्हा त्याला वाटलं, आपला आता काही उपयोग नाही. रविवारी पाव नसले तर तो उठायचा नाही.”

पेपेने एक वही आणून वडिलांपुढे ठेवली. “बाबा, प्रार्थना लिहून काढा. मी वाचीन.” फिलिपोने तीन ओळी लिहिल्या, थांबला, खोडल्या आणि खाली लिहिलं: ‘डोळे मिटल्याशिवाय नावं येत नाहीत. डोळे मिटले की लिहिता येत नाही.’ वही मिटून त्याने तिला परत दिली.

शनिवार उजाडला. गावात मुलं एकतीस. मारेताने पीठ मळलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण हातांना सवय होती. तिने मला तेल लावलं, एकतीस छोटे गोळे आणि एक पाद्रीबाबांचा असे बसवले, दूध ओतलं. चौदा करवंट्या मोजून पेटवल्या. तालिता भट्टीभोवती फिरत उद्याचं वचन घोकत होती. चार ओळींचं वचन. दोन ओळी यायच्या आणि तिसरीला गाडी अडायची. महिनाभर हेच चाललं होतं.

मारेताचा तोल गेला. “चार ओळी पाठ होत नाहीत तुझ्या! उद्या सगळ्या चर्चसमोर काय म्हणशील, तिसरी ओळ मांजराने नेली? डोकं कशाला दिलंय, वेणी घालायला?”

तालिताचं नाक लाल झालं. “मला मोठमोठं पाठ होतं! आजोबांची प्रार्थना मला सगळी येते! खोकल्यासकट!”

फिलिपो पायरीवरून वळला. नातीकडे पाहत राहिला आणि मग त्याने भुवया उचलल्या, इतक्या वर की कपाळ संपलं.

टाकी वाजली. मारेताने मला भट्टीत ढकललं, पानं लावली, पोतं टाकलं आणि धावत चटईवर गेली. आमच्या घराला भिंती नाहीत, खांब आहेत, आणि भट्टी तीन पावलांवर आहे. आतून मला सगळं ऐकू येतं.

तालिताने सुरुवात केली. आवाज पोरीचा, बोलणं फिलिपोचं. तसेच शब्द, तशीच सावकाशी. आधी दिवसाबद्दल आभार. मग गेलेल्यांचे आभार: दोन्ही आया, समुद्रात बुडालेला दुसरा भाऊ, जुने पाद्रीबाबा. मग पाद्रीबाबा, गावचे प्रमुख आणि त्यांची बायको. मग सिडनीचा भाऊ, त्याचा गुडघा, आणि गुडघ्यानंतर फिलिपो जसा खोकायचा तसा दोनदा कोरडा खोकला. सिमीच्या घशातून चमत्कारिक आवाज आला, पण त्याने हसू गिळलं.

“आणि सिमीसाठी, प्रभू. त्याला बायको दे. नाहीतर आधी नोकरी दे, मग बायको. आणि ऑकलंडच्या पेपेसाठी. ती पहाटे चारला उठते. तिची बस वेळेवर येऊ दे. आणि उशीर झाला तर थांब्यावर तिला थंडी वाजू देऊ नकोस. तिला तिच्या मुलीची आठवण येते ते तुला ठाऊक आहे. आम्ही मुलीला सांभाळतोय असं तिला सांग.”

पेपेला हे माहीत नव्हतं. पाच वर्षं, रोज संध्याकाळी, तिच्या बसची काळजी कुणी केली ते तिला त्या दिवशी कळलं. ती रडत होती ते मला भट्टीतही ऐकू आलं.

इकडे पाव फुगले. मधल्या ओळीचे आधी, कडेचे मागून, नेहमी जसे फुगतात तसेच. दूध आटत आलं. पुतणे, भाच्या, शेजारी, आजारी मास्तर, सगळे आले. शेवटी तालिताचं स्वतःचं नाव आलं. यानंतर आमेन असतं. मला पक्कं ठाऊक होतं. मारेता उठायच्या तयारीत असणार.

पण आमेन आलं नाही.

“आणि देवा,” तालिता म्हणाली, आणि हा आवाज आता तिचा एकटीचा होता, “आजोबा रोज एक नाव विसरतात. स्वतःचं. ते मी घालते. फिलिपो. त्यांचा आवाज परत दिलास तर बरं होईल. नाही दिलास तर मी आहे. आमेन.”

मारेता धावत आली नाही. चौतीस वर्षांच्या नवसाचे पाव भट्टीत, आणि ही बाई जागची हलेना. मी आत घाबराघुबरा झालो. मग पोतं उडालं, पानं बाजूला झाली आणि तिने माझा कान धरून मला ओढून काढलं.

एकतीस अधिक एक पाव. फुगलेले, मऊ, सबंध. फक्त वरून नेहमीपेक्षा किंचित जास्त लाल.

मारेताने वाकून पाहिलं. नाक ओढलं. “एक नाव जास्त झालं,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या, सोमवारपासून तेरा करवंट्या.”

फिलिपोने भुवया उचलल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायची तसदी त्याने घेतली नाही.

सिमीने पेपेला विचारलं, “ताई, मिनिटं किती झाली? घड्याळ लावलं होतंस ना?”

“लावलं होतं रे,” पेपे नाक पुसत म्हणाली. “बघायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या दाराशी टेबलावर होतो. तालिता पांढरा झगा घालून पुढे गेली, दोन ओळी म्हणाली आणि तिसरीला अडली. पहिल्या बाकावरून फिलिपोने ओठ हलवले. आवाज नव्हता, पण तिला तो लागलाही नाही. तिने आजोबांचे ओठ वाचले आणि तिसरी ओळ खणखणीत म्हटली. मग मुलं माझ्यावर तुटून पडली. फिलिपोने स्वतःच्या हाताने एकेकाला पाव दिला आणि त्या दिवशी चार माणसांचं जेवण एकट्याने जेवला.

आता माझी हालत विचाराल तर बूड काळंकुट्ट आहे, डब्यावर छापलेलं जहाज कधीच बुडालं आहे, आणि एका कडेला गंजाचा ठिपका धरला आहे. चकचकीत नवा ट्रे त्या तांबड्या कोंबडीला मिळाला. ती त्यात सुखाने अंडी घालते. संध्याकाळची प्रार्थना तालिता म्हणते, आजोबा शेजारी बसून ओठ हलवतात, आणि ती एखादं नाव विसरली तर तिच्या गुडघ्यावर बोट ठेवतात.

माझं मागणं फार नाही. काथ्याने घासा, पण जरा बेताने. माझा वाकडा कान कुणी ठोकून सरळ करू नका, मारेताला रागवायला जागा राहू द्या. आणि तुमच्या घरी कुणी पाव, पोळी, काहीही करून शेजारी पाठवत असेल, तर ती किती मिनिटांत होते ते नंतर विचारा. आधी विचारा, कुणाकुणासाठी केली.

सोमवारी संध्याकाळी मारेता भट्टीशी बसून करवंट्या मोजत होती. पेपेची बॅग भरलेली होती, रात्रीचं विमान होतं. ती आईजवळ आली, उकिडवी बसली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मारेताने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं.

हातात तेरा करवंट्या होत्या. त्यांतली एक तिने उचलून बाजूला ठेवली.